स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला आराम द्यावा की व्यायाम? फिजिओथेरपी कधी सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय, आईच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, हात खांद्याच्या वर जात नाही आणि घरातले "हलवू नको, टाके उसवतील" म्हणतात. आधी त्या घरातल्यांचं ऐकणं बंद करा. स्पष्टच लिहिते, कारण आमच्या अक्काचा हात असल्याच बोलण्यानं जायची वेळ आली होती.

अक्काला खानापूर तालुक्यात दिलीय. केमो आधीच झाले होते, मग बेळगावात ऑपरेशन झालं. डावी बाजू, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी सोडताना व्यायामाचा कागद दिला होता, पण कन्नडमधला. अक्काची शाळा मराठी, सासरीही कुणाला वाचता येईना. कागद फाईलमध्ये तसाच राहिला. आत्तींनी जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला, तो सहा आठवडे तसाच. मग शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायची वेळ आली. मापं घ्यायला टेबलावर निजवलं आणि हात डोक्यामागे ठेवायला सांगितला. हात कानापर्यंतही जाईना. असा हात आडवा येत असेल तर शेक देता येत नाही. आधी खांदा मोकळा करून या म्हणाले.

दाजी रिक्षातच म्हणाले, "फिजिओ म्हणजे पैसे काढायचा धंदा. कामं करू दे, हात आपसूक सुटतोय." आदल्या दिवसापर्यंत हेच दाजी तिला तांब्या उचलू देत नव्हते!

मी तिला येळ्ळूरला माहेरी आणलं. आठवड्यातून दोनदा बेळगावला फिजिओच्या बाईंकडे, बाकी घरी. बाईच हवी हा अक्काचा हट्ट होता, पुरुषासमोर पोलकं कसं काढू म्हणून. तुमच्या आईचंही तसं असेल तर लाजू नका, सरळ मागा. अक्कानं हात पसरला की काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तारेसारखी दोरी वर उठायची. रोग परत आला असं वाटून आम्ही दोघी रात्रभर जाग्या. बाईंनी सांगितलं, गाठी काढल्यावर काहींना अशी दोरी येते, हळूहळू ताण देत गेलं की सैल होते.

मी सोप्यातल्या तुळईला जुनी कप्पी बांधली. अक्का खाली बसून उजव्या हातानं दोर ओढायची, डावा वर जायचा. मग भिंतीवर बोटं चढवायची. पोचली तिथं मी कोळशानं रेघ मारायची. पहिली रेघ तिच्या हनुवटीशी होती. साडेतीन आठवड्यांनी तिनं मांडणीच्या वरच्या खणातला हळदीचा डबा डाव्या हातानं काढला आणि तिथंच रडत बसली. पुढच्या आठवड्यात शेक सुरू झाला.

तुमचं विचारणं कधीचं. मूठ, मनगट, कोपर दुसऱ्या दिवसापासून. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंतच, नळी निघून जखम भरली की वर. तुम्हाला उशीर झालाय, पण फार नाही. घरी चालतं, पहिल्यांदा फिजिओकडून शिकून घ्या.

दाजींसाठी मी एक अभ्यास शोधून ठेवलाय. २०२१ साली इंग्लंडमध्ये छापून आला, खांदा धरण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांचा. ज्यांना सात ते दहा दिवसांत फिजिओकडून व्यायाम सुरू झाला, त्यांचा हात वर्षभरानं नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा चांगला चालत होता. आमचं पत्रक तर वाचताही येत नव्हतं.

हे मात्र नक्की बघा: जखमेत पाणी साठलं असेल किंवा स्तन पुन्हा घडवायची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनला विचारूनच. हात जड वाटला, बांगड्या आवळायला लागल्या तर लगेच दाखवा. लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी. भाकरीचा चटका, विळीचा काप यांपासून तो हात जपा.

दाजी अजून सांगत फिरतात, कामं करून हात सुटला. माहेरी महिनाभर मी अक्काला चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा रेघांची तेवढी भिंत मी सोडायला लावली. दाजी आले की त्यांचं ताट त्या भिंतीसमोरच वाढते.