वेव्हमेकर घेतोयस? आधी उन्हाळा डोळ्यांपुढे आण

भावा, वेव्हमेकर म्हणजे कोरलच्या (प्रवाळांच्या) खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाह खेळवणारा पंप. २०० लिटरच्या टाकीत एकच दांडगा पंप टाकू नकोस. दोन मध्यम घे, समोरासमोरच्या काचांवर लाव आणि आलटून पालटून चालव. झोआ, मशरूम अशा जातींच्या मऊ कोरलना तासाला टाकीतल्या पाण्याच्या १०-२० पट प्रवाह पुरतो. अ‍ॅक्रोपोरा या कठीण कोरलची हौस नंतर, त्याला याच्या दुपटीहून जास्त लागतो.

झोत थेट कोरलवर नको. मांस एका बाजूला दबून पांढरा सांगाडा दिसायला लागला, तर लगेच तोंड फिरव. वाळूत खड्डा पडत असेल तर जोर कमी कर. एका पंपाचं तोंड किंचित वर ठेव, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे.

पैसे घालायचेच तर बॅटरी जोडता येणाऱ्या डीसी पंपात घाल. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, त्यात लाइट गेली की संपलंच! गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, प्रवाह थांबला की मासे वर येऊन धापा टाकतात. डीसी पंप पाणीही कमी तापवतो. पाणी थंड करणाऱ्या चिलरची गरज मात्र त्यानं टळत नाही हं.

दोन-तीन महिन्यांनी पंप बादलीत, पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालव, आतल्या फिरत्या रोटरवरचा चुना सुटतो. मग साध्या पाण्यानं धू. घरघर सुरू झाली तर तेवढेही थांबू नकोस.