मिश्री? लोण्याबरोबर?

प्रश्न आहे : ‘गोकुळाष्टमीच्या नैवेद्याला मराठीत माखन-मिश्री म्हटलं तर चालतं का?’

चालतं, पण आधी घरातल्या आजीला विचारा. आमच्याकडे मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, बोटानं दातांना घासायची. ती बाळकृष्णापुढे ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. नाहीतर लोणी-खडीसाखर म्हणा. हिंदीतली मिश्री ‘मिस्र’वरून, म्हणजे इजिप्तवरून आली, चीनवरून चीनी, तशी. ‘साखर-पाण्याचं मिश्रण म्हणून मिश्री’ असं छातीठोक सांगणारे गृहस्थ परवाच भेटले. मग लिंबाच्या सरबतानं काय घोडं मारलंय?

खडीसाखर हा त्याहून मजेदार शब्द. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात बारीक खडे, कंकर. तिची झाली साखर, आणि तिला पुन्हा खडी चिकटवली. म्हणजे खड्यांचे खडे! करतातही तशीच. भांड्यात आडवे दोरे ताणायचे, दाट पाक ओतायचा आणि काही दिवस भांड्याला हात लावायचा नाही. ढवळलात तर बारीक रवा पडतो, सावकाश निवू दिलात तर दोऱ्यावर टपोरे खडे धरतात. चघळताना दातात दोरा अडकतो तो हाच.

पण खरी गंमत ‘खंड’ची. संस्कृतात खंड म्हणजे तुकडा, आणि साखरही. फारसीत त्याचा कंद झाला, अरबीत कंदी, पुढे युरोपात कँडी. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. तोच कंद आपल्या बरणीत बसलाय, तिकडे कुणी बघत नाही : गुलकंद! गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. तरी ‘गुलाबाच्या कंदाचं औषध’ असं लिहिणारे आहेतच. गुलाब काय सुरण आहे? गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा थर, वर कुटलेल्या खडीसाखरेचा थर, बरणीच्या तोंडाला फडकं आणि रोजचं ऊन. साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते, म्हणून तो टिकतो. कलाकंदातही हाच कंद.

आणि श्रीखंडातला खंडही हाच, असं माझं ठाम मत. काहीजण त्याला ‘शिखरिणी’तून, म्हणजे दही-साखरेच्या जुन्या संस्कृत पक्वान्नाच्या नावातून, ओढून काढतात. अहो, शिखरिणीची आपल्याकडे केळ्याची शिकरण झाली. तिचंच पुन्हा श्रीखंड कसं होईल? संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन, हे मला सांगू नका. चक्क्यात चंदन कुणी उगाळलं होतं?