वाचकांचे प्रश्न : फिरत्या घरातील डिश अँटेना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. येत्या जुलैमध्ये आर.व्ही. (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन आधी मेन राज्यातील अकेडिया आणि तेथून पश्चिमेकडे यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांचा दोन महिन्यांचा प्रवास करण्याचा बेत आहे. संध्याकाळी बातम्या आणि हवामानाचा अंदाज पाहता यावा, म्हणून उपग्रह दूरचित्रवाणीची सोय करायची आहे. मुलगा म्हणतो, छतावर कायमचा घुमट, म्हणजे झाकणाखालचा डिश अँटेना, बसवून घ्या. शेजारी म्हणतात, जमिनीवर ठेवता येणारी डिश न्या. साताऱ्याच्या घरी पडून असलेला डीटीएचचा बॉक्स इकडे आणल्यास मराठी मालिका दिसतील का, हेही कळावे.

उत्तर : साताऱ्याचा बॉक्स साताऱ्यातच राहू द्यावा. भारतातील डीटीएच सेवांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान, विषुववृत्ताच्या वर आहेत. अमेरिकेतून पाहिले तर ते पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे क्षितिजाच्या खाली येतात. त्यामुळे डिश कितीही मोठी लावली तरी उपयोग होणार नाही. मराठी मालिकांसाठी इंटरनेट हाच मार्ग आहे. यलोस्टोनच्या परिसरात मोबाइलचे जाळे विरळ असल्याने निघण्यापूर्वी काही भाग उतरवून घेतलेले बरे.

आता मुख्य मुद्दा. मुलगा आणि शेजारी यांच्यात माझे मत शेजाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण यंत्रात नसून झाडांत आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात, म्हणून अमेरिकेत कोठेही डिशचे तोंड दक्षिणेकडच्या आकाशाकडेच करावे लागते. या प्रक्षेपणाच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि पानांतील पाणी त्या शोषून घेते. दाट फांदी आड आली की चित्र गेलेच, आणि पाऊस पडून पाने ओली झाली असतील तर विरळ फांदीही पुरते. उन्हाळ्यात मात्र आपण सर्वजण गाडीसाठी सावलीचीच जागा शोधतो. छतावरचा घुमट गाडीबरोबर त्याच सावलीत अडकतो, तर जमिनीवरची डिश पंधरा मीटर केबल असेल तर चार पावले दूर, उघड्यावर नेता येते.

झाड आड येते की नाही, हे गाडी लावण्यापूर्वीच पाहता येते. हात पूर्ण लांब करून मूठ धरल्यास ती डोळ्यांपुढे साधारण १० अंश व्यापते. डिश नेटवर्क या अमेरिकन उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीचे उपग्रह पश्चिमेकडील ११०, ११९ व १२९ आणि पूर्वेकडील ६१.५ व ७२.७ अंश पश्चिम रेखांशांवर अशा दोन गटांत आहेत. यलोस्टोनमधून ११९ अंशांचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ३८ अंश वर, म्हणजे जवळजवळ चार मुठी उंच दिसतो. अकेडियातून तोच उपग्रह नैऋत्येकडे जेमतेम १९ अंशांवर येतो, आणि किनाऱ्यावरील स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडे एवढे आकाश सहज झाकून टाकतात. ६१.५ अंशांचा उपग्रह मात्र तेथून जवळजवळ थेट दक्षिणेला ३८ अंशांवर आहे. म्हणून आपल्या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात पूर्वेकडचा गट आणि दुसऱ्यात पश्चिमेकडचा गट सोयीचा ठरेल. आपण घेत असलेला अँटेना दोन्ही गट शोधू शकतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. कित्येक छोटे घुमट मुळात पश्चिमेकडच्या गटासाठीच लावलेले असतात.

दिशा होकायंत्राने पाहणार असाल तर एक खबरदारी घ्यावी लागेल. अकेडियात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५ अंश पश्चिमेला, तर यलोस्टोनमध्ये सुमारे १० अंश पूर्वेला आहे, आणि ही चूक डिशच्या अरुंद नजरेला मुळीच परवडत नाही. बहुतेक फोनमधील होकायंत्रात खरी उत्तर दाखवण्याची सोय असते. ती सुरू करून ठेवावी.

जमिनीवर ठेवण्याच्या उपकरणांतही दोन प्रकार आहेत. झाकणाखाली मोटर आणि छोटी डिश असलेला घुमट काही मिनिटांत स्वतःच उपग्रह शोधतो आणि त्याला लागणारी वीज रिसीव्हरकडून केबलमधूनच मिळते. मात्र डिश लहान असल्याने जोराच्या पावसात त्याचे चित्र आधी जाते. तिपाईवरची मोठी डिश पावसात अधिक टिकते, पण ती दर मुक्कामाला हाताने जुळवावी लागते. रोज जागा बदलणाऱ्याने घुमट घ्यावा आणि आठवडा-आठवडा मुक्काम करणाऱ्याने तिपाई घ्यावी, असे मी सुचवीन. मात्र आपल्याकडे डायरेक्टीव्ही या दुसऱ्या कंपनीची सेवा असेल तर हा पर्याय उरत नाही, कारण त्यांच्या एचडी वाहिन्या वेगळ्या, ‘का-बँड’ (Ka) नावाच्या लहरींवर येतात व छोट्या घुमटांना त्या पकडता येत नाहीत. तेथे तिपाईच हवी.

स्थानिक बातम्यांचा प्रश्न वेगळा आहे. स्थानिक वाहिन्या उपग्रहावरून ठरावीक भागापुरत्याच टाकल्या जातात, त्यामुळे न्यू जर्सीच्या वाहिन्या यलोस्टोनकडे, वायोमिंगमध्ये दिसत नाहीत. कंपनीला सेवेचा नवा पत्ता कळवावा लागतो. त्यापेक्षा गाडीच्या छतावर बहुधा असतोच तो साधा अँटेना वर करून नव्याने वाहिन्या शोधणे सोपे आणि फुकट आहे. निघताना तो खाली घेण्यास विसरू नये, नाहीतर पहिल्याच बुटक्या पुलाखाली त्याची आठवण होईल.

प्रश्न : पुण्याहून लेहपर्यंत भाड्याच्या कॅराव्हॅनने जाणार आहोत. घरची फ्री डिशची छत्री सोबत नेली तर चालेल का?

उत्तर : चालेल. फ्री डिशला मासिक शुल्क नसल्याने प्रवासाला ती सोयीचीच आहे. तिचे प्रसारण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. पुण्यात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि सुमारे ५९ अंश वर असते. लेहला पोहोचेपर्यंत ते दक्षिणेकडे सरकते आणि ४७ अंशांवर उतरते. म्हणून दर मुक्कामाला कोन बदलावा लागेल. आपल्याकडील लहरी अमेरिकेतील डीटीएचप्रमाणे वर्तुळाकार ध्रुवित (गोल फिरत कंप पावणाऱ्या) नसून सरळ रेषेत ध्रुवित असतात, त्यामुळे केवळ दिशा आणि उंची जुळवून भागत नाही, एलएनबीदेखील (छत्रीच्या पुढे बसवलेला, लहरी पकडणारा भाग) त्याच्या पकडीत किंचित फिरवावा लागतो. बॉक्सच्या पडद्यावर सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे दिसतात. त्यांतील ताकदीचा पट्टा केवळ केबल जोडली तरी भरलेला दिसू शकतो; गुणवत्तेचा पट्टा वर येईपर्यंत छत्री अगदी सावकाश, बोटभर अंतरानेच हलवावी.