बारावीनंतर बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच्या उपचारांची पदवी) केलं तर प्रत्यक्षात काय शिकायला मिळतं?

हा कोर्स चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावीला सायन्स हवं. पहिल्या वर्षी शरीररचना आणि ध्वनीचं भौतिकशास्त्र यांनी पार घाम फुटतो. खरी मजा क्लिनिकमध्ये. 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या पोराला 'क' शिकवायचा तर आधी गुळण्या करायला लावायच्या, म्हणजे जिभेची मागची बाजू कुठे टेकते ते त्याला कळतं. तेवढ्यात पोरगं टेबलाखाली! आणि तिकडे काचेपलीकडून मॅडम बघतायत. पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या आजोबांबरोबर मात्र घाई करून चालत नाही. रोज सेशन प्लॅन लिहायचा कंटाळा येतो, तो येणारच. प्रवेशाआधी कॉलेजला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता आहे ना, तेवढं बघाच; पुढे व्यावसायिक म्हणून होणारी नोंदणी त्यावरच अवलंबून असते.