दोघांची नोकरी, घरात बोका आणि लॅब्रॅडॉरचं पिल्लू

प्रश्न : आम्ही पुण्यात बाणेरला स्वतःच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघंही वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरी करतो. दोघांचे मिळून १,४२,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ४६,०००, दोन मुलांची (वय ११ आणि ७) शाळा व पाळणाघर २२,०००, घरखर्च ३८,०००, विम्याचे हप्ते सरासरी ४,०००, चार वर्षांच्या बोक्याचा खर्च ३,००० आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी एसआयपी १५,०००. आणीबाणीसाठी २,१०,००० रुपये बाजूला आहेत. मुलांना लॅब्रॅडॉर हवा आहे. ४५ दिवसांचं पिल्लू २५,००० रुपयांना मिळतंय, या आठवड्यात टोकन द्यायचं आहे. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा घर बंद असतं. खर्च बसत नसेल तर एसआयपी ५,००० रुपयांनी कमी करावी का?

उत्तर : टोकन देऊ नका आणि एसआयपीला हात लावू नका. कुत्रा घरात कधीच नको, असं मात्र माझं म्हणणं नाही. आत्ता नको, आणि पिल्लू नको. कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे मुलांनाही ती समजावून सांगता येतील.

तुमच्या आकड्यांनुसार महिन्याला १४,००० रुपये उरतात. त्यामुळे पिल्लू परवडेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण २५,००० हा एकूण खर्चाचा छोटासा भाग आहे. पुण्यातले साधारण दर धरून पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू. लसी, जंतनाशकं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या ८,०००. नसबंदी १०,०००. पट्टा, भांडी, पिंजरा, बिछाना आणि बोक्याची खोली वेगळी ठेवण्यासाठी दाराला लावायची जाळी, सगळं मिळून १०,०००. खाणं सरासरी ३,५०० प्रमाणे ४२,०००. गोचीड-पिसवांची औषधं ७,०००. शिकवायला येणारा प्रशिक्षक १०,०००. गावाला किंवा फिरायला गेलात तर दहा दिवसांचं बोर्डिंग ८,०००. आणि तुम्ही बहुधा धरला नसेल असा खर्च म्हणजे दिवसा पिल्लाकडे बघायला येणारा माणूस.

या शेवटच्या खर्चावर थोडं थांबू, कारण निर्णय इथेच ठरतो. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याच्यापेक्षा साधारण एखाद तास जास्त ते लघवी रोखू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. तुमचं घर दहा तास बंद असतं. म्हणजे पहिले चार महिने दिवसातून किमान दोनदा कुणीतरी येऊन त्याला शी-शूला नेणं, खायला घालणं, फरशी पुसणं आणि अर्धा तास त्याच्याशी खेळणं, हे सगळं करायला हवं. दोन फेऱ्यांचे महिन्याला ६,००० धरले तर २४,०००, आणि पुढचे आठ महिने दुपारच्या एका फेरीचे ४,००० प्रमाणे ३२,०००. म्हणजे ५६,०००. पैसे वाचवायला ही फेरी गाळली, तर पिल्लू घरातच घाण करायला शिकतं, सोफा-चपला कुरतडतं, दिवसभर रडतं, आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. वर्षभरानंतर ही सवय मोडायला जे पैसे जातात, ते वाचवलेल्या पैशांहून जास्त असतात.

सगळी बेरीज १,५१,०००. पिल्लाची किंमत धरून १,७६,०००. किंमत बाजूला ठेवली तरी महिन्याला साडेबारा हजार, म्हणजे तुमची जवळजवळ सगळी शिल्लक. दुसऱ्या वर्षापासून खर्च थोडा उतरतो. मोठा लॅब्रॅडॉर दिवसाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं खातो, महिन्याला दहा किलो. मध्यम दर्जाचं घेतलं तरी ४,००० रुपये. दुपारचा माणूस ४,०००. उरलेल्या गोष्टी (औषधं, वार्षिक लसी, बोर्डिंग, शाम्पू, फाटलेला बिछाना) मिळून आणखी २,०००. म्हणजे महिन्याला १०,००० रुपये, आणि तेही दहा-बारा वर्षं. यात आजारपण नाही.

आजारपण वेगळं काढलं, कारण ते दर महिन्याला येत नाही, पण येतं तेव्हा एकदम येतं. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजारात पिल्लाला पाच-सात दिवस सलाइनवर ठेवावं लागतं, १५-२० हजार सहज जातात. गोचीडताप आपल्याकडे घरोघरी होतो : रक्ततपासण्या, डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स, प्लेटलेट्स खूप उतरल्या तर दवाखान्यात ठेवणं. मोजा किंवा मक्याचं कणीस गिळलं आणि आतड्यात अडकलं, तर शस्त्रक्रियेला ३०-५० हजार धरा. लॅब्रॅडॉर हावरट जात आहे, हा धोका त्याच्यात खरोखर जास्त. शिवाय कंबरेच्या सांध्याचा दोष आणि वाढतं वजन ही या जातीची नेहमीची दुखणी. घेण्याआधी आई-बापांच्या सांध्यांचे एक्स-रे दाखवा, असं विक्रेत्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही.

आता तुमचा आकस्मिक निधी. एसआयपी सोडून थांबवता न येणारा तुमचा खर्च महिन्याला १,१३,००० आहे. २,१०,००० म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सोय. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तरी गृहकर्ज, शाळा आणि बोका तिघंही थांबणार नाहीत. दोघं वेगळ्या कंपन्यांत आहात म्हणून सहाऐवजी चार महिन्यांचा निधी मला चालेल. पण तो साडेचार लाख होतो. तो व्हायच्या आधी महिन्याला दहा हजारांची नवी जबाबदारी घेऊ नका. मग ती कुत्र्याची असो नाहीतर गाडीची.

एसआयपीबद्दल : मुलगी अकरा वर्षांची आहे, कॉलेजच्या पहिल्या फीला सात वर्षं उरली. महिन्याचे ५,००० सात वर्षं, वार्षिक १० टक्के परतावा धरला तर सुमारे सहा लाख होतात. म्हणजे तुम्ही विचारताय ती कपात सहा लाखांची आहे. परतावा कमी-जास्त होईल, पण त्या वेळी तेवढी रक्कम शैक्षणिक कर्जातून उभी करावी लागेल, आणि तेव्हा कुत्राही सात वर्षांचा, दवाखान्याच्या फेऱ्या वाढण्याच्या वयाचा असेल.

आता बोका. त्याचा विचार पैशांच्या भाषेतही करावा लागतो. चार वर्षं एकट्याने राहिलेल्या बोक्याला अचानक उड्या मारणारं पिल्लू दिसलं की तो खाणं सोडतो, पलंगाखाली बसतो, गादीवर लघवी करतो. बोक्यांमध्ये ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, आणि कधी मूत्रमार्गच बंद होतो. तो लिटरमध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूत) वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. उशीर झाला तर जीव जातो. कॅथेटर, दोन-तीन दिवस दाखल ठेवणं, नंतरचं वेगळं खाणं, हे बिल पंधरा-वीस हजारांच्या आत क्वचितच बसतं.

दुसरी गोष्ट फार गांभीर्याने घ्या. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचीडच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजरांना विषारी आहे. कुत्र्याला लावलेलं औषध ओलं असताना बोका त्याला चिकटून झोपला किंवा त्याने त्याचं अंग चाटलं, तरी झटके येऊ शकतात. म्हणजे या घरात डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोचीडचं कोणतंही औषध आणायचं नाही, आणि कुत्र्याचं बोक्याला ‘थोडंसं’ लावणं तर कधीच नाही.

दोघांची ओळख करून द्यायला किमान दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस बंद दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या अंगाला पुसलेली फडकी अदलाबदल करून वासाची ओळख. मग जाळीतून दिसणं. मग कुत्रा पट्ट्यावर, बोका मोकळा, पाच-पाच मिनिटं. लिटरचा ट्रे आणि बोक्याचं खाणं कुत्र्याला पोचणार नाही अशा ठिकाणी, आणि बोक्याला चढून बसायला चार-पाच फुटांवरची फळी. पिल्लं लिटर खातात, ते पोटात गोळा होऊन अडकू शकतं. या काळात घरात एक मोठं माणूस हवं. म्हणजे एकाची किमान दहा कामाच्या दिवसांची रजा. तुमच्या दोघांच्या उरलेल्या रजा मुलांच्या तापासाठी आणि शाळेच्या सुट्ट्यांसाठी लागत असतील, तर हाही खर्चच आहे.

विक्रेत्याबद्दल एक. कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे केंद्रीय नियम आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई करतात. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही हवी. जो इतक्या लवकर पिल्लू आईपासून तोडतो, त्याच्याकडच्या लसींच्या कार्डावर मी विश्वास ठेवणार नाही.

मग काय करायचं? पगार झाला की दुसऱ्याच दिवशी १०,००० रुपये आकस्मिक निधीसाठी लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) जातील आणि ४,००० प्राण्यांसाठी वेगळ्या बचत खात्यात, अशी व्यवस्था लावा. १०,००० मुद्दाम म्हटलं, कारण लॅब्रॅडॉरचा महिन्याचा खर्च नेमका तेवढाच आहे. सहा महिने हे पैसे बाजूला पडूनही घर सुरळीत चाललं, क्रेडिट कार्डावर थकबाकी राहिली नाही, तर तुमचं बजेट कुत्रा पेलतं हे सिद्ध होईल. दर दोन महिन्यांनी त्यातले पैसे काढावे लागले, तर तेही कळेल, आणि एकाही जिवाला त्रास न होता कळेल. दोन वर्षांत आकस्मिक निधी साडेचार लाखांवर आणि प्राण्यांचा निधी ९६,००० वर पोचतो. बोनस त्यात घातला तर आणखी लवकर. बोक्याची दुखणी आजपासून या दुसऱ्या खात्यातून भागवा, सगळं त्याच्या पुढच्या भावंडासाठी राखू नका.

पाळीव प्राण्यांचा विमा घ्यावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. लसी, नसबंदी आणि आधीपासूनचे आजार साधारणपणे त्यात नसतात, सुरुवातीला प्रतीक्षा काळ असतो, आणि आयकरात या हप्त्याची वजावट मिळत नाही, ती माणसांच्याच आरोग्य विम्याला आहे. माझ्या मते आधी निधी, मग वाटलं तर विमा.

वेळ आली की पिल्लाऐवजी दीड-तीन वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घ्या. वजन पंधरा-अठरा किलो, खाणं महिन्याला सहा-सात किलो, भात-चिकन घरचं मिसळलं तर २,२०० च्या आसपास. मोठा कुत्रा दुपारी एक फेरी मिळाली तर दिवस काढतो. सगळं धरून महिन्याला ८,००० रुपये. पहिल्या वर्षाच्या लसी आणि नसबंदी बहुधा झालेली असते. मुख्य म्हणजे त्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा अंदाजच करावा लागतो.

त्याआधी मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत, घरात कुणी मोठं असताना, एखाद्या निवारा संस्थेचा कुत्रा दोन-तीन आठवडे सांभाळायला आणा. औषधपाण्याचा खर्च कुणाचा हे आधी लेखी ठरवा. सकाळी सहाला कोण उठतं, पावसात कोण नेतं, हे त्यात समजेल. रोजची दोन फेरफटक्यांची दीड तासाची जबाबदारी मोठ्यांचीच आहे. अकरा वर्षांच्या मुलीने कितीही मनापासून वचन दिलं तरी ती तिच्यावर टाकू नका.

आणायच्या कुत्र्याबद्दल संस्थेला चार गोष्टी विचारा : मांजरांसोबत राहिलाय का, गोचीडतापाची रक्ततपासणी कधी झाली, रेबीजची शेवटची तारीख कोणती, आणि जमलं नाही तर परत घेणार का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर दुसरा कुत्रा बघा. चौथ्याचं ‘नाही’ असेल तर दुसरी संस्था. आणि बोक्याच्या रेबीज व ट्रायकॅट (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची) लसी राहिल्या असतील तर त्या मात्र याच आठवड्यात उरकून घ्या.