रोमला तीनच दिवस आहेत. जुन्या वीजकेंद्रातलं मोंतेमार्तिनी संग्रहालय बघावं की वगळावं?

वगळू नका. माझी नोकरी वीजकेंद्रात, टर्बाइन फ्लोअरवर झाली, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

1912 साली सुरू झालेलं हे रोमचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र. 1963 मध्ये बंद झालं, पण कुणी तोडलं नाही. 1997 मध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयात दुरुस्त्या निघाल्या, म्हणून तिथल्या प्राचीन मूर्ती तात्पुरत्या इथे आणल्या, त्यातल्या बऱ्याच इथल्याच झाल्या. मशीन हॉलमध्ये फ्रँको तोसी कंपनीची 1933 सालची दोन डिझेल इंजिनं आहेत, प्रत्येकी 7,500 अश्वशक्तीची, आणि त्यांच्या पुढ्यात संगमरवरी देवदेवता. लोक मूर्तींपाशी थांबतात. मी इंजिनालाच प्रदक्षिणा घालत होतो. काळंभोर धूड, वर चढायला लोखंडी जिने, कडेने कठडे. इथे शिफ्टचा माणूस कुठे उभा राहत असेल, कशावर नजर ठेवत असेल, तेच बघत होतो. एका इंजिनाचे जेमतेम साडेपाच मेगावॅट, आमच्या 210 मेगावॅटच्या सेटपुढे, म्हणजे टर्बाइन-जनरेटरच्या जोडीपुढे, काहीच नाही. पण त्या काळी याच विजेवर या शहराचे दिवे लागत.

आमच्याकडे पहिला सेट कायमचा बंद केला तेव्हा आम्ही काही जणांनी अर्ज केला होता: निदान रोटर (टर्बाइनचा फिरणारा भाग) आणि एक कंट्रोल पॅनेल गेटपाशी मांडून ठेवा. उत्तरसुद्धा आलं नाही. ज्याला खंडेनवमीला कुंकू लावून झेंडूचे हार घातले, त्यालाच गॅस कटर लावलेला मला बघवला नाही. घरी दादा म्हणाला, "लोखंडच ते, पैसे तरी येतील." या विषयावर आमचं आजही पटत नाही. दोन हजार वर्षांच्या मूर्ती ज्यांच्या घरात रचून ठेवाव्या लागतात, त्या लोकांनी इंजिनं विकली नाहीत. मग आपल्यालाच कसली घाई होती?

हां, पहिल्यांदाच जात असाल तर कोलोसियम आणि व्हॅटिकन आधी उरका. इथे दोन तास पुरतात. मेट्रोच्या बी लाइनवर गार्बातेल्लाला उतरा. सोमवारी बंद असतं. बॉयलरची खोली चुकवू नका, तीनपैकी एकच बॉयलर उरलाय.

आणि तुमच्या भागात एखादा जुना सेट निघत असेल, तर भंगाराचं टेंडर निघायच्या आधी अर्ज टाका, वर्तमानपत्रालाही त्याची प्रत द्या.