इंग्लंडमध्ये पिप नाकारलं, तर थेट ट्रायब्युनलकडे जाता येतं का?

पत्नीचा पिपचा (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे अपंगत्व किंवा दीर्घ आजार असणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता) अर्ज नाकारला, थेट अपील करू का, असं तुम्ही विचारलंय. थेट नाही. निर्णयाच्या तारखेपासून महिन्याभरात आधी नकार देणाऱ्या त्याच सरकारी खात्याकडे फेरविचार मागायचा, म्हणजे 'मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन'. तिथेही नकार आला तर त्या पत्रापासून महिन्याभरात ट्रायब्युनल, म्हणजे खात्यापासून स्वतंत्र असलेलं न्यायाधिकरण. फी नाही, वकील हवाच असंही नाही.

खरी झुंज गुणांची, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. रोजची कामं आणि हालचाल वेगवेगळी मोजतात. ८ गुणांना भत्त्याचा साधा दर, १२ ला वाढीव. 'चालता येतं' एवढंच लिहिलंत तर संपलं. तीस मीटरवर भिंतीला टेकावं लागतं, पुन्हा तेवढं चालायला अर्धा तास बसावं लागतं, असं जे खरं असेल ते लिहा. काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमलं तरच ते 'जमतं' असं धरतात. कोणी विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायची आपली सवय इथे हमखास नडते!

सुनावणीला सहसा न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले सदस्य असतात. मराठी दुभाषा मोफत मिळतो, अपिलाच्या अर्जातच मागा. भाषांतर तुम्हीच कराल असं धरून चालू नका. तब्येत मूळ निर्णयाच्या दिवशीची पाहतात, त्यामुळे त्या काळातली डॉक्टरांची पत्रं शोधा. कागद लावायला 'सिटिझन्स अॅडव्हाइस' या सल्ला देणाऱ्या संस्थेचे लोक फुकट मदत करतात.